दुसऱ्यांच्या सभेंत बसून पाहिलेलें

(गांवच्या भाषण मंडळाच्या मासिक सभेंत एका शिक्षकानें दिलेलें व्याख्यान)



मंडळानें आम्हां तिघांस पुण्यास धाडलें तें कांहीं पर्वती आणि शनिवारवाडा पाहण्यास नव्हे. तेथील एका भाषण शिकण्याच्या मंडळाची सभा कशी चालते तें पाहून यावें, आणि आपल्यांत घेण्याजोगें कांहीं असल्यास सांगावें, एवढें काम आम्हांवर सोंपविलें होतें. जाण्यायेण्याचा एस. टी.चा खर्च मंडळाच्या पैशांतून झाला, तेव्हां हिशेब देणें आलेंच. पैशाचा हिशेब खजिनदारांकडे दिला आहे. पाहिल्याचा हिशेब आज देतों.

त्या मंडळाचें कूळ अमेरिकेंतलें आहे. मूळ संस्थेस टोस्टमास्टर्स इंटरनॅशनल म्हणतात. टोस्टमास्टर म्हणजे मेजवानींत पेला उंचावून कोणाचें तरी अभीष्ट चिंतावयास पाहुण्यांस सांगणारा, व बोलणारांस एकामागून एक पुढें बोलावणारा गृहस्थ. आपल्याकडे पानसुपारीच्या समारंभांत जो माणूस पुढेंपुढें करतो, तसाच म्हणा ना. नांवांत पेला असला तरी सभेंत चहाखेरीज कांहीं नव्हतें, हें घरच्या मंडळींच्या समाधानासाठीं सांगून ठेवतों.

राल्फ स्मेडली नांवाचे गृहस्थ वाय. एम. सी. ए. ह्या संस्थेंत शिक्षणाचें काम पाहत. तेथें येणाऱ्या तरुणांस चारचौघांत उभें राहून दोन शब्द बोलतां येत नाहींत, सभा चालवितां येत नाहीं, हें पाहून त्यांनीं १९०५ सालीं इलिनॉय प्रांतांतील ब्लूमिंग्टन येथें पहिलें मंडळ काढलें. पुढें नोकरीमुळें ते ज्या गांवीं गेले तेथेंही त्यांनीं असा प्रयत्न केला. पण ते गांव सोडून गेले कीं मागें मंडळ विझून जाई. अखेर २२ ऑक्टोबर १९२४ रोजीं कॅलिफोर्नियांतील सांता ॲना येथील वाय. एम. सी. ए.च्या तळघरांत जें मंडळ भरलें तें टिकलें, आणि त्याचा वेल पुढें देशोदेशीं गेला. त्याच १९२४ सालच्या जुलै महिन्यांत मुंबईस डॉ. आंबेडकरांनीं बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. दोहोंचा एकमेकींशीं कांहीं संबंध नाहीं. परंतु ज्याला सभेंत उभें राहतां येत नाहीं त्याच्या वतीनें दुसराच कोणी बोलून जातो, ही गोष्ट त्या सुमारास पृथ्वीच्या दोन टोंकांस दोन निराळ्या माणसांना टोंचत होती, असें आम्हांस वाटतें.

आतां सभेकडे वळूं. पत्रिकेंत वेळ सायंकाळीं साडेसहाची दिली होती. आम्ही सव्वासहास पोहोंचलों आणि जिन्यांतच बसून राहावें कीं काय ह्या विचारांत होतों, कारण आपल्या संवयीप्रमाणें साडेसहा म्हणजे आठ. पण साडेसहाच्या ठोक्याला एक बाई उठल्या, त्यांनीं लांकडी हातोडी मेजावर आपटली आणि सभा सुरू झाली. खोलींत त्या वेळीं अकरा माणसें होतीं. आणखी सात मागाहून आलीं. तीं मुकाट्यानें मागें बसलीं. कोणाची वाट पाहिली नाहीं, कोणासाठीं पुढची खुर्ची रिकामी करविली नाहीं.

नारळ नाहीं, शाल नाहीं, हार नाहीं. आपल्या मंडळाच्या गेल्या सभेची नोंदवही आम्हीं मुद्दाम बरोबर नेली होती. तींत लिहिलें आहे तें असें: सभा साडेसातची, सुरू झाली पावणेनऊस, प्रतिमापूजन, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय व सत्कार ह्यांत पाऊण तास, नंतर चार भाषणें, तीं चारही मंचावर बसलेल्यांचीं, मग आभार. खालीं बसलेलीं माणसें बेचाळीस. त्यांतील एकाचाही आवाज त्या रात्रीं कोणीं ऐकला नाहीं. पुण्याच्या सभेंत अठरा माणसें होतीं व त्यांतील चौदा जणांनीं उभें राहून कांहींना कांहीं सांगितलें. भाषणाचें मंडळ कोणतें आणि ऐकण्याचें कोणतें, हें ज्यानें त्यानें ठरवावें. अध्यक्ष महाराज रागावणार नाहींत अशी उमेद आहे. वही त्यांच्याच सहीची आहे.

हे चौदा जण बोलले कसे? तेथें काम वांटलेलें असतें आणि दर सभेस तें बदलतें. एक जण त्या दिवशींची सभा चालवितो. एक घड्याळ धरतो. एक भाषेकडे पाहतो. तो आरंभीं एखादा नवा शब्द सांगतो आणि तो कोणीं कसा वापरला हें शेवटीं सांगतो. एक नुसते अडखळे मोजतो. तयारी करून बोलणारे दोन-तीन, त्यांना प्रत्येकीं पांच ते सात मिनिटें. नवा सभासद असला तर त्याचें पहिलें भाषण स्वतःची ओळख करून देण्याचें, चार ते सहा मिनिटांचें. प्रत्येक तयार भाषणाचें परीक्षण करणारा वेगळा, त्यास दोन ते तीन मिनिटें. आणि साऱ्या सभेचें परीक्षण करणारा आणखी एक, म्हणजे परीक्षण करणाऱ्यांचेंही परीक्षण होतें. आज ज्यानें घड्याळ धरलें तो पुढल्या सभेस बोलतो, आज बोलला तो पुढें कधीं अडखळे मोजतो. स्मेडलीसाहेबांचीं आधींचीं मंडळें त्यांच्या पाठीमागें कां विझलीं आणि हें कां टिकलें, ह्याचें उत्तर ह्या वांटणींत असावें. एका माणसाच्या गळ्यांत सारीं कामें बांधलेलीं मंडळें आपणही तालुक्यांत कांहीं कमी पाहिलेलीं नाहींत.

वेळेची रीत तर पाहण्यासारखी. पांच मिनिटें झालीं कीं हिरवें कार्ड, सहा झालीं कीं पिवळें, सात झालीं कीं तांबडें. त्यापुढें अर्धें मिनिट सोडतात. तेंही ओलांडलें तर त्या दिवशींच्या उत्तम वक्त्याच्या निवडींतून नांव बाद. कोणी घंटा वाजवीत नाहीं, चिठी पाठवीत नाहीं, मागून सदऱ्याचें टोंक ओढीत नाहीं. आम्ही गेलों त्या दिवशीं कार्ड धरणारा मुलगा विशीचा होता आणि बोलणारे गृहस्थ कोणत्याशा कारखान्यांतले मोठे अंमलदार. त्यांनीं तांबडें पाहिलें, हातांतलें वाक्य पुरें केलें आणि खालीं बसले. आम्ही डोळे फाडून पाहत राहिलों. आपल्याकडे पाटलांस, सोसायटीच्या चेअरमनसाहेबांस, अगर मुंबईहून आलेल्या पाहुण्यांस 'आतां पुरे' असें सांगणारा अजून जन्मावयाचा आहे.

अडखळे मोजण्याची गोष्ट आमच्याबरोबरच्या डेअरींतल्या तरुणास फार आवडली. 'अं', 'म्हणजे', 'काय आहे कीं', 'ॲक्च्युअली', असें कोणीं किती वेळां म्हटलें तें कागदावर रेघा ओढून मोजतात व शेवटीं नांवानिशीं वाचून दाखवितात. हा गडी आतां घरींही मोजूं लागला आहे, आणि त्यामुळें घरांत त्याच्याशीं कोणी बोलेनासें झालें आहे. पण येथें आमचें मत थोडें निराळें आहे. कीर्तनकारबुवा मध्येंच 'बरें का मंडळी' म्हणतात तो अडखळा नव्हे, ती हांक आहे. त्या हांकेवर मागच्या रांगेंतला डुलकी घेणारा जागा होतो. पोवाड्यांत झीलकरी 'जी जी' म्हणतो, तमाशांत सोंगाड्या मध्येंच तोंड घालतो. ऐकणाऱ्याला बोलण्यांत ओढून घेण्याची ही आपली जुनी रीत आहे. तेथला श्रोता भाषण संपेपर्यंत गप्प बसतो व संपलें कीं टाळ्या देतो. आपला श्रोता भाषण चाललें असतांच 'खरं हाय' म्हणतो. तें मोडूं नये. रेघ ओढणारानें अडखळा कोणता आणि हांक कोणती हें ओळखून रेघ ओढावी.

पुण्यास भाषणें कांहीं नवीं नव्हेत. १८७५ सालापासूनची वसंत व्याख्यानमाला तेथें आहे. विद्वान बोलतो आणि लोक ऐकतात. त्याचें मोल आहेच. पण त्याच शहरीं १८७३ सालीं जोतीराव फुल्यांनीं जो सत्यशोधक समाज काढला, त्याचे जलसे पुढें खेडोपाडीं फिरले, आणि त्यांत तोंड उघडणारा माणूस स्वतः नांगर धरणारा होता. त्यास वक्तृत्व कोणीं शिकविलें नव्हतें. आपलें मंडळ ह्या दुसऱ्या वाटेवरचें असें आपण म्हणत असतों, आणि सभा मात्र पहिल्या वाटेनें भरवितों, तीही विद्वानावांचून.

आतां जें सांगण्यासाठीं विशेषेंकरून उभें राहिलों तें सांगतों. आपल्या ग्रामपंचायतीच्या सदस्य असलेल्या ताई आमच्याबरोबर होत्या. त्या समोर बसल्या आहेत, आणि त्यांना विचारूनच हें सांगत आहों.

तेथें ऐन वेळीं विषय देऊन बोलावयास लावण्याचा एक प्रकार आहे. चालक विषय वाचतो, नांव पुकारतो, आणि ज्याचें नांव येईल त्यानें तिथल्या तिथें उठून एक ते दोन मिनिटें बोलावयाचें. पाहुण्यांस सक्ती नसते. विचारतात, नको म्हटलें तर सोडून देतात. ताईंस विचारलें आणि त्या उठल्या. विषय होता 'हरवलेली वस्तु'. ताई म्हणाल्या, माझें रेशनकार्ड हरवलें. मग तालुक्यास किती खेपा झाल्या, पहिल्या खेपेस कारकून जेवावयास गेला होता, दुसऱ्या खेपेस अर्जाला फोटो दोन पाहिजेत असें सांगितलें, तिसऱ्या खेपेस दोन फोटो नेले तर साहेब दौऱ्यावर. प्रत्येक खेपेस किती मजुरी बुडाली आणि त्या महिन्यांत घरांत गहूं कोणाकडून उसना आणला, हें सारें त्यांनीं सांगितलें. इतक्यांत पिवळें कार्ड वर झालें. ताईंस वाटलें, हे आपणांस बसा म्हणून सांगताहेत. वाक्य अर्धें टाकून त्या खालीं बसल्या. तेव्हां खोलींतले लोक म्हणाले, अहो, अजून अर्धें मिनिट आहे, पुढें काय झालें तें सांगा. त्या पुन्हां उठल्या आणि म्हणाल्या, "पुढं काय? कार्ड पिठाच्या डब्याखाली सापडलं." मग जो हंशा पिकला तो ऐकण्याजोगा होता.

परीक्षण करणाऱ्या बाईंनीं त्यांस दोनच गोष्टी सांगितल्या. एक, तुम्हीं खेपा आणि मजुरी मोजून सांगितलीत, म्हणून आम्हांला तुमच्याबरोबर तालुक्यास जावें लागलें. दुसरी, बोलतांना तुम्ही तुमच्या दोन सोबत्यांकडेच पाहत होतां. पुढल्या वेळीं आमच्याकडेही पाहा. एवढेंच.

येतांना एस. टी.त बराच वेळ ताई कांहीं बोलल्या नाहींत. सासवडच्या पुढें आल्यावर म्हणाल्या, "गुरुजी, पंचायतीत निवडून येऊन मला तीन वर्सं झाली. तिथं मी उठले की म्हणतात, बसा ताई, मालक बोलतील. माझं बोलणं कुठं चुकतं हे आजवर कुणी सांगितलंच नाही. चुकायला तरी आधी बोलू द्यायला हवं का नको?"

ह्या प्रश्नाचें उत्तर आम्हांपाशीं नव्हतें. म्हणून तो तसाच येथें आणून ठेवला आहे. महाराष्ट्रांत २०११ सालापासून पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. नेहमींच्या ग्रामसभेच्या आधीं स्त्रियांची वेगळी सभा घ्यावी असेंही कायद्यांत आहे. ती चावडींत होते कीं नुसती कागदावर, हें ज्याच्या त्याच्या गांवानें पाहावें. आणि पुरुषांनींही फार मिशीवर ताव देऊं नये. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणें ग्रामसभेस मतदारांपैकीं शेंकडा पंधरा किंवा शंभर, ह्यांतील जी संख्या कमी तितके लोक हजर पाहिजेत. तितके न जमले तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हां भरली म्हणजे तिला संख्येची अट राहत नाहीं. म्हणजे पहिल्या दिवशीं आपण घरीं बसलों, तर मागाहून आठदहा जणांनीं बसून जो ठराव केला तो साऱ्या गांवाचा ठराव. आपण जात कां नाहीं? कामें असतात हें खरें. पण गेलों तरी बोलतां येणार नाहीं, उठलों तर हंसतील, ही धास्तीही कांहीं थोडी नाहीं. ती धास्ती घालविण्याची जागा ग्रामसभा नव्हे, ती जागा हें मंडळ आहे.

स्त्रियांच्या बाबतींत त्या अमेरिकन संस्थेनेंही फार शहाणपण दाखविलें असें नाहीं. जवळजवळ पन्नास वर्षें तिनें स्त्रियांस सभासदच करून घेतलें नाहीं. १९७० सालीं हेलन ब्लँचर्ड ह्या बाई एका मंडळांत शिरल्या त्या 'होमर' असें पुरुषाचें नांव लावून. १९७३ सालीं संस्थेनें नियम बदलला, आणि १९८५ सालीं ह्याच बाई साऱ्या संस्थेच्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष झाल्या. आपल्याकडे नियम कोणताच आड येत नाहीं. आड येते ती मागची सतरंजी, जिच्यावर बायका बसतात आणि जेथपर्यंत ध्वनिक्षेपक कधीं पोहोंचत नाहीं.

परीक्षणाविषयीं कांहींजण आतांच कुजबुजत आहेत. त्यांचें म्हणणें आम्हांस ठाऊक आहे. शहरांत सभा संपली कीं कोण कोणाचा? येथें आज एखाद्याचें भाषण नीट नव्हतें म्हटलें, तर उद्यां सकाळीं बांधावर गांठ आहे. ही अडचण खोटी नाहीं. पण आम्ही अध्यापक विद्यालयांत शिकत होतों तेव्हां सरावपाठ होत. चाळीस मुलांपुढें आम्हीं शिकवावें, आणि मागच्या बांकावर बसून आमच्याच सोबत्यांनीं निरीक्षणाच्या वहींत लिहावें: फळ्यावरील अक्षर तिरपें, प्रश्न पुढच्या बांकांनाच विचारले. त्याआधीं सूक्ष्म अध्यापन; पांचसात मिनिटें, एकच कौशल्य, लगेच शेरा, आणि पुन्हां तोच पाठ. त्यावरून कोणाचें वैर झालेलें आम्हांस आठवत नाहीं, कारण शेरा पाठावर असे, माणसावर नसे, आणि उद्यां आपलाही पाठ आहे हें लिहिणारास ठाऊक असे. तीच युक्ति येथें चालेल. ज्याला परीक्षण करावयाचें त्यानें पुढल्या सभेंत बोललेंच पाहिजे, असा नियम करावा. म्हणजे जीभ आपोआप बेतानें चालते.

तेथील सारेंच आणावें असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. शेवटीं मतें टाकून उत्तम वक्ता निवडतात; तें आपल्याकडे नको. गांवांत मतें म्हटलीं कीं भावकी मोजली जाते, आणि चांगला बोलणारा घरचे लोक थोडे म्हणून पडेल. वर्गणीही अमेरिकेंतल्या कचेरीनें डॉलरांत ठरविलेली. आपली वर्षाची पन्नास रुपये, आणि ज्याच्यापाशीं नसतील त्यास माफ, हेंच बरें. विषयांच्या बाबतींत तर आपणच बरे. त्या दिवशीं तयारीचीं भाषणें दोन झालीं, एक हिमालयांतील सहलीवर, दुसरें पहाटे उठण्याच्या फायद्यांवर. दोन्हीं घोटून घोटून बसविलेलीं, आवाजाचा चढउतार सुरेख. त्यांना बोलावयास शिकावयाचें असतें, विषय कोणताही चालतो. आपल्या मंडळांत गेल्या वर्षीं दुधाच्या फॅटवर जें भाषण झालें तें ओबडधोबड होतें, बोलणारा घामाघूम झाला होता. पण दुसऱ्या दिवशीं दूध घालावयास गेलेल्या लोकांनीं यंत्र आपल्यासमोर तपासून मागितलें. असे विषय सोडूं नयेत. त्यांचा सांगाडा आणि आपलें मांस असें जमलें तर पाहावें.

सूचना अशा आहेत. सभा साडेसातला म्हणजे साडेसातला; दाराशीं पांच माणसें असोत कीं पन्नास. प्रतिमेस फूल वाहावें, बाकी सत्कार पुरे झाले. मंचावर खुर्ची एकच, बोलणाराची. अध्यक्षांनींही खालीं बसावें. तीन भाषणें पांच ते सात मिनिटांचीं, प्रत्येकावर परीक्षण, आणि मग अर्धा तास ऐन वेळच्या विषयांना. नको म्हणणारास सोडावें, पण विचारल्यावांचून कोणास सोडूं नये. बायकांची सतरंजी पुढें आणावी. कार्डें आमच्या सातवीच्या मुलांनीं रंगीत पुठ्ठ्यांचीं केलीं आहेत. तीं धरावयास एखादें शाळकरी पोर बसवावें, म्हणजे कोणी रागावणार नाहीं, असें आमच्यांतल्याच एकानें सुचविलें. आम्हांस तें पटत नाहीं. मोठ्यांना जें सांगण्याचा धीर होत नाहीं तें पोराच्या हातांत देऊं नये. चिठ्ठी टाकून सभासदांतूनच निवडावा, आणि ज्याच्या हातीं कार्डें आलीं त्यानें तांबडें सर्वांना सारखेंच दाखवावें, आम्हांलाही.

पुढल्या सभेचा विषय थकलेली पाणीपट्टी हा ठरला आहे. पहिलें भाषण ताई करणार आहेत. त्यांचे मालक आज येथें आहेत व त्यांनीं परीक्षण करण्याचें कबूल केलें आहे, तेव्हां त्याच्या पुढल्या सभेस नियमाप्रमाणें त्यांनाही बोलावें लागेल. ऐन वेळच्या विषयांसाठीं दाराशीं बिस्किटांचा एक रिकामा डबा ठेवला आहे. जातांना प्रत्येकानें एक विषय चिठीवर लिहून त्यांत टाकावा. ज्यांना लिहितां येत नाहीं त्यांनीं वाचनालयाच्या मुलीस सांगावें, ती लिहून घेईल.